इंग्रजी वाचनाचा सराव : मोठ्या शब्दाला भिऊ नका, लहान शब्दाला जपा



मागील पाठांत आपण इंग्रजी अक्षरे, आकडे आणि महिन्यांची नावे वाचायला शिकलो. अक्षर आता लागतं, शब्दही जुळवता येतो. तरी पुष्कळ सभासद भेटल्यावर म्हणतात, "गुरुजी, शब्द वाचता येतो, पण वाक्य काय सांगतंय ते उमगत नाही." अडचण खरी आहे. म्हणून आजचा पाठ वाचून समजण्याचा. यातले उतारे गोष्टीच्या पुस्तकातले नाहीत. औषधाची पुडी, फवारणीचा डबा, खिशातला मोबाईल आणि आपल्या शेजारचा एक कारखाना, असे चार विषय घेतले आहेत.

छपाईच्या सोयीसाठी इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. घरी तशी पुडी किंवा डबा असेल तर तो समोर घ्यावा आणि तिथल्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून वाक्य पडताळून पाहावं. शब्द थोडे इकडेतिकडे असतील, पण चाल तीच असते.

पाठाला सुरुवात करण्यापूर्वी गेल्या उन्हाळ्यात चऱ्होली बुद्रुकमध्ये एका सभासदांच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. त्यांनीच सांगा म्हटलं, म्हणून सांगतो. चार वर्षांच्या नातीला सकाळपासून जुलाब लागले. मुलगा चाकणला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, सून भोसरीला कामावर. घरात आजी-आजोबा दोघंच. आजोबांनी दुकानातून ओआरएसची पुडी आणली आणि चष्मा लावून वाचायला बसले. आजोबा जुने सातवी पास, इंग्रजी अक्षर त्यांना लागतं. पण पहिलाच शब्द आला 'सोडियम क्लोराईड', मग 'पोटॅशियम क्लोराईड', मग 'ट्रायसोडियम सायट्रेट'. तीन शब्दांतच त्यांना घाम फुटला. "हे आपलं काम नव्हे," म्हणून त्यांनी सगळी पुडी एका पेल्यात ओतली आणि वर पाणी घातलं. पोरीनं एक घोट घेऊन थुंकून टाकला. आजी म्हणाली, "औषध कुठं गोड असतंय व्हय, पी गुमान." नेमक्या त्याच वेळी आशाताई घरभेटीला आल्या. त्यांनी पेला बाजूला सारला, तांब्यांनी मोजून एक लिटर पाणी घेतलं, दुसरी पुडी त्यात कालवली आणि पोरीला चमच्या-चमच्यानं पाजली. संध्याकाळी पोरगी अंगणात खेळत होती.

आजोबा मला म्हणाले, "गुरुजी, मला वाचता येत असून मी वाचलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही वाचलंत, पण नको तिथं वाचत बसलात." आजच्या पाठाचं सार एवढंच आहे. कागदावरचे लांबलचक शब्द बहुधा नावं असतात. नाव समजलं नाही तरी चालतं. काय करायचं, किती करायचं आणि काय करायचं नाही, हे मात्र लहान शब्द सांगतात. तिथं चूक झाली की सगळंच उलटं होतं.

वाचण्याची रीत

कोणताही इंग्रजी मजकूर हाती आला की पहिल्या शब्दापासून रवंथ करत बसू नये. आधी सगळ्यावरून एकदा नजर फिरवावी, जशी आपण नव्या रानात पाय टाकण्याआधी बांधावरून फिरवतो. मग कागदाला पाच प्रश्न विचारावेत : हे कशाबद्दल आहे? काय करायला सांगितलंय? किती? केव्हा किंवा किती वेळात? आणि काय करू नका म्हटलंय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या लहान शब्दांत असतं ते पाठ करून ठेवा :

नॉट, नो : नाही.
डू नॉट : करू नका.
ओन्ली : फक्त, तेवढंच.
बिफोर : आधी. आफ्टर : नंतर.
विदिन : च्या आत.
अनटिल : तोपर्यंत.
अनलेस : तसं असल्याशिवाय.
विदाऊट : वाचून, शिवाय.

एवढे नऊ-दहा शब्द पक्के झाले की निम्मं काम झालं.

उतारा पहिला : ओआरएसची पुडी

"डिझॉल्व्ह द एन्टायर कन्टेन्ट्स ऑफ द सॅशे इन वन लिटर ऑफ ड्रिंकिंग वॉटर. यूज विदिन ट्वेंटी-फोर आवर्स. डिस्कार्ड एनी अनयूज्ड सोल्यूशन."

अर्थ : पुडीतला सगळा मजकूर एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवा. चोवीस तासांच्या आत वापरा. उरलेलं पाणी टाकून द्या.

यात 'एन्टायर' म्हणजे सगळं, 'वन लिटर' म्हणजे एक लिटर. हे दोन शब्द जोडीनं वाचायचे, कारण यातला एकच पाळला तर घोटाळा होतो. सगळी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर मीठ फार होतं. असं पाणी पोटात गेलं की रक्तातलं मीठ वाढतं, शरीराच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि लहान लेकराला झटकेही येऊ शकतात. उलट चिमूटभर पुडी लिटरभर पाण्यात घातली तर गुण येत नाही.

आता त्या भीती घालणाऱ्या नावांकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम सोडियम क्लोराईड, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. सोडियम क्लोराईड म्हणजे आपलं जेवणातलं मीठच. ग्लुकोज ही साखरेच्या घराण्यातली. आतड्यात ग्लुकोज आत शिरताना मिठाला आणि पाण्याला सोबत घेऊन जातं, म्हणून जुलाब चालू असतानाही पाणी अंगी लागतं. एवढ्या साध्या गोष्टीनं किती जीव वाचले याला गणती नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य रोगी वाचवले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

एक सूचना : बाजारात २०० मिलिलिटर पाण्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात. म्हणून मागच्या वेळी लिटरभर पाणी घेतलं तर या वेळीही लिटरच, असं धरून चालू नये. आकडा दर वेळी वाचावा.

उतारा दुसरा : फवारणीचा डबा

"कीप आऊट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन. डू नॉट ईट, ड्रिंक ऑर स्मोक व्हाईल स्प्रेइंग. डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड. इफ स्वॉलोड, डू नॉट इन्ड्यूस व्हॉमिटिंग अनलेस टोल्ड टू डू सो बाय अ डॉक्टर. नो स्पेसिफिक अँटिडोट इज नोन. ट्रीट सिम्प्टमॅटिकली."

अर्थ : मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा. फवारताना खाऊ, पिऊ नका, विडी ओढू नका. वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका. पोटात गेल्यास, डॉक्टरनं सांगितल्याशिवाय उलटी करवू नका. यावर ठरावीक असा उतारा ठाऊक नाही. लक्षणं पाहून उपचार करावा.

चौथं वाक्य दोनदा वाचा. त्यात 'नॉट' आणि 'अनलेस' असे दोन लहान शब्द आहेत. घाईत 'इन्ड्यूस व्हॉमिटिंग' एवढंच डोळ्यांत भरलं तर माणूस उलटा अर्थ घेईल. आपल्याकडे विष पोटात गेलं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची जुनी चाल आहे. पण काही औषधं वर येताना घसा जाळतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतात. बेशुद्ध माणसाचं तर विचारूच नका. म्हणून वाक्यातला 'नॉट' जपा. आणि 'अनलेस' म्हणजे हा निर्णय घरच्यांचा नाही, डॉक्टरचा.

पाचव्या वाक्यानंही पुष्कळ जण फसतात. 'नो' आणि 'अँटिडोट' हे शब्द वाचून एखादा म्हणेल, "यावर औषधच नाही, मग दवाखान्यात नेऊन काय उपयोग?" तसा अर्थ मुळीच नाही. 'स्पेसिफिक' हा शब्द मध्ये आहे. त्या विषाला नेमकं मारणारं असं एकच औषध नाही, एवढंच वाक्य म्हणतं. लगेच पुढचं वाक्य उपचार करा असं सांगतं. श्वासाला आधार देणं, सलाईन, झटके थांबवणं, हे सगळे उपचारच आहेत. म्हणून एका वाक्यावर थांबू नये, पुढचं वाक्य वाचल्याशिवाय निकाल देऊ नये. काही डब्यांवर उतारा म्हणून 'अ‍ॅट्रोपिन' असं नाव छापलेलं असतं. ते नाव आपल्याला कळलं नाही तरी डॉक्टरला कळतं. त्यासाठी रोग्याबरोबर डबा किंवा त्यावरचा कागद दवाखान्यात न्यायचाच, विसरायचं नाही.

डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण असते. तिचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा कमी विषारी. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर' आणि हिरव्यावर 'कॉशन' असा शब्द असतो. 'कॉशन' म्हणजे सावध राहा. हिरवा रंग पाहून "हे काय, रानातल्या पाल्यासारखं आहे" असं समजू नये.

१९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांप्रमाणे डब्यावर हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत मजकूर असावा लागतो. मग इंग्रजी कशाला, असं कोणी विचारील. पण मराठी घडीपत्रिका पहिल्याच दिवशी वाऱ्यावर जाते, अक्षर मुंगीएवढं असतं, आणि डबा अर्धा संपला की त्यावर ओघळ येऊन जे उरतं ते वाचावं लागतं. उरलेली ओळ इंग्रजी असली तर ती यायला हवी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती, नुसतं वाचन येऊन ती सगळी टळली असती असं मी म्हणणार नाही. पण मजुराच्या हाती पंप देणाऱ्यानं डबा आधी वाचून, त्याला मोठ्यानं सांगावा, एवढं तर आपल्या हातात आहे.

उतारा तिसरा : मोबाईलवरचा निरोप

"युवर अकाउंट हॅज बीन क्रेडिटेड विथ रुपीज ट्वेल्व्ह थाऊजंड."
"रुपीज ट्वेल्व्ह थाऊजंड हॅज बीन डेबिटेड फ्रॉम युवर अकाउंट."
"डू नॉट शेअर धिस ओटीपी विथ एनीवन."
"यू डू नॉट नीड टू एन्टर युवर यूपीआय पिन टू रिसीव्ह मनी."

पहिल्या दोन ओळींत रक्कम तीच, खातंही तेच. 'क्रेडिटेड' म्हणजे जमा, 'डेबिटेड' म्हणजे वजा. उसाचं बिल खात्यात आलं की पहिल्या तऱ्हेचा निरोप येतो. दुसऱ्या तऱ्हेचा आला आणि आपण पैसे काढले नसतील, तर जेवणाचं ताट बाजूला सारून आधी बँकेला कळवावं.

तिसरी ओळ : हा ओटीपी कोणालाही सांगू नका. 'एनीवन' म्हणजे कोणालाही, त्यात बँकेचा साहेब म्हणवणाराही आला. चौथी ओळ : पैसे मिळण्यासाठी पिन घालावा लागत नाही. कोणी फोन करून म्हणालं, "तुमचं अनुदान आलंय, पिन टाका म्हणजे जमा होईल," तर ही ओळ आठवावी. येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही. पिन मागितला याचा अर्थ पैसे यायचे नाहीत, जायचे आहेत.

उतारा चौथा : पिंपरीचं पेनिसिलिन

आता थोडा मोठा उतारा घेऊ. हा सूचनांचा नाही, माहितीचा आहे. मुलांच्या परीक्षेत असे उतारे येतात, तेव्हा त्यांनाही जवळ बसवा.

"अलेक्झांडर फ्लेमिंग डिस्कव्हर्ड पेनिसिलिन इन लंडन इन १९२८. इट डिड नॉट कम इनटू वाईड यूज अनटिल द नाइन्टीन-फॉर्टीज. इन १९५४ द गव्हर्नमेंट ऑफ इंडिया सेट अप हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ॲट पिंपरी विथ हेल्प फ्रॉम डब्ल्यूएचओ अँड युनिसेफ. द फॅक्टरी बिगॅन मेकिंग पेनिसिलिन इन १९५५. द मोल्ड ग्रोज इन लार्ज टँक्स अँड फीड्स ऑन शुगर. अनलाईक द यीस्ट इन अ डिस्टिलरी, इट नीड्स अ कॉन्स्टंट सप्लाय ऑफ एअर. पेनिसिलिन किल्स बॅक्टेरिया बट हॅज नो इफेक्ट ऑन व्हायरसेस."

काही शब्द : डिस्कव्हर्ड, शोध लावला. मोल्ड, बुरशी. फीड्स ऑन, खाऊन जगते. अनलाईक, च्या उलट. कॉन्स्टंट सप्लाय, सतत पुरवठा. बट, पण.

दुसऱ्या वाक्यात 'नॉट' आणि 'अनटिल' यांची जोडी आहे. शब्दाला शब्द लावला तर "१९४० पर्यंत नाही" असं अर्धवट काहीतरी हाती लागतं. इंग्रजी वाक्यात ही जोडी दिसली की मराठीत 'तेव्हा कुठं' म्हणायचं : "१९४० नंतरची दहा वर्षं उजाडली, तेव्हा कुठं ते सर्रास वापरात आलं." पाऊस उशिरा आला की आपण म्हणतो ना, "आषाढ निम्मा झाला, तेव्हा कुठं पाऊस पडला." तीच चाल.

पाचवं-सहावं वाक्य आपल्या लोकांना सोपं जाईल. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीतली साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल करतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पिंपरीच्या टाक्यांत साखर खाऊन बुरशी पेनिसिलिन करत असे. फरक असा की अल्कोहोल करणाऱ्या यीस्टला हवा नको असते, बुरशीला मात्र सतत हवा द्यावी लागते, तीही जंतू गाळून. इंग्रजीतला 'अनलाईक' हाच फरक दाखवतो. विषय ओळखीचा असला की अडलेला शब्दही अंदाजानं सुटतो. म्हणून वाचताना आपल्या धंद्याचं ज्ञान बाजूला ठेवू नका, ते जोडीला घ्या.

प्रश्न

१. पेनिसिलिनचा शोध लागला त्याच वर्षी ते सर्रास मिळू लागलं का?
२. पिंपरीच्या कारखान्याला कोणाची मदत झाली?
३. कारखाना उभारायचं साल आणि पेनिसिलिन बनू लागल्याचं साल एकच आहे का?
४. बुरशीला काय लागतं, जे डिस्टिलरीतल्या यीस्टला लागत नाही?
५. साध्या सर्दी-पडशावर पेनिसिलिन घ्यावं का?

आधी उत्तरं मराठीत तोंडी द्या, मग खाली पाहा.

उत्तरे

१. नाही. शोध १९२८ चा, सर्रास वापर १९४० नंतरचा. २. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची. ३. नाही. उभारणी १९५४, उत्पादन १९५५. ४. हवेचा सतत पुरवठा. ५. नाही. हे उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही, ते जोडून काढायचं आहे. पेनिसिलिनचा विषाणूंवर परिणाम होत नाही असं शेवटचं वाक्य सांगतं, आणि साधी सर्दी विषाणूंमुळे होते हे आपल्याला ठाऊक असावं लागतं. कागदावरचं एक आणि डोक्यातलं एक, अशी दोन्हीची सांगड घालणं म्हणजेच समजून वाचणं.

घरचा अभ्यास

घरातली गोळ्यांची एक पट्टी घ्या आणि तिच्यावर चार गोष्टी शोधा. पहिली, 'ईएक्सपी' या अक्षरांपुढचा महिना आणि साल. छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, नंतर नाही. दुसरी, 'स्टोअर बिलो' किंवा तसे शब्द आणि त्यापुढचा अंशाचा आकडा. 'बिलो' म्हणजे खाली. पत्र्याखालच्या तापलेल्या फळीवर ती पट्टी ठेवावी का, ते तुम्हीच ठरवा. तिसरी, पट्टीवर उभी लाल रेघ आहे का? असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घ्यायचं नाही. चौथी, 'प्रिस्क्रिप्शन' शब्द असलेलं वाक्य. त्यात बहुधा 'नॉट' आणि 'विदाऊट' सापडतील. त्या दोन शब्दांनी वाक्याचा अर्थ कसा बांधला जातो ते वहीत मराठीत लिहा.

सुनेनं किंवा नातवानं वाचून दाखवलं तरी हरकत नाही, पण बोट आपलं असू द्या. आणि वाचून शंका राहिली तर विचारायला लाजू नका. आपण वाचायला शिकतोय ते डॉक्टरची जागा घ्यायला नव्हे, डॉक्टरनं आणि कृषी सहायकानं सांगितलेलं नीट पाळता यावं म्हणून.

चऱ्होलीच्या त्या आजोबांनी आता ओआरएसची एक रिकामी पुडी स्वयंपाकघरात फळीला चिकटवून ठेवली आहे. 'वन लिटर' या दोन शब्दांखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली आहे. वरची ती मोठाली नावं त्यांना अजून धड म्हणता येत नाहीत, आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

पुढील पाठात पंपाच्या मोटारीवरची पत्र्याची पाटी वाचू या. तोवर सराव चालू ठेवा.

आपला,
गुरुजी